थायरॉइडची गोळी, कमी हिमोग्लोबिन आणि दिवसाला पाच कॉफ्या: सोडायची की नाही?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, पुण्यात नोकरी, काही वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू. डोस ७५ वरून १०० मायक्रोग्रॅम केला तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) ७.८, म्हणजे वाढलेलाच. हिमोग्लोबिन ९.८, त्यासाठी लोहाची गोळी. सतत थकवा, मधूनच छातीत धडधड, रात्री लवकर झोप लागत नाही. दिवसाला पाच कॉफ्या. सासूबाई म्हणतात कॉफी उष्ण, बंद कर. ऑफिसातली मैत्रीण म्हणते कॉफीने लिव्हर चांगलं राहतं, मधुमेह टळतो, मुळीच सोडू नकोस. मग नक्की करायचं काय? आणि जाता जाता, यजमान तूप घालून काळी कॉफी पितात, ते बरोबर का?

ताई, मी फिजिशियन आहे आणि स्वतः कॉफी पितो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे माझं माप कुठे झुकतंय ते तुम्हाला तपासता येईल.

तुम्ही किती कप पिता ते नीट लिहिलंय, पण मी थांबलो ते दुसऱ्याच वाक्यावर: ‘सकाळी उठले की गोळी घेते आणि लगेच कॉफी, त्याशिवाय डोळेच उघडत नाहीत.’ पुढे लिहिलंय की लोहाची गोळी दुपारी जेवण झाल्यावर घेता आणि मग सगळ्या जणी मिळून मशीनची कॉफी प्यायला जाता. या दोन वाक्यांमुळे तुमचा प्रश्न माझ्यासाठी ‘कॉफी चांगली की वाईट’ असा राहत नाही. तुम्ही दोन औषधं घेताय आणि दोन्ही कॉफीच्या सोबतीने पोटात जातायत. ती अंगाला लागतायत का, हे आधी पाहायला हवं.

थायरॉइडच्या गोळीपासून सुरू करू. तिच्यातलं लिव्होथायरॉक्सिन हे शोषणाच्या बाबतीत फार नखरेल औषध आहे. पोट रिकामं असेल आणि गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेतली तर डोसाचा बराचसा भाग रक्तात जातो. सोबत कॉफी असली की हे प्रमाण घटतं. इटलीतल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये असे काही रुग्ण नोंदवले होते, ज्यांचा टीएसएच गोळी चालू असूनही जागचा हलत नव्हता; गोळी आणि एस्प्रेसो बरोबरच घ्यायची सवय हे त्याचं कारण निघालं. ती तर बिनदुधाची कॉफी. आपल्याकडे कपात निम्म्याहून जास्त दूध असतं आणि दुधातलं कॅल्शियमही या गोळीचं शोषण कमी करतं. म्हणजे आपली कॉफी दोन्हीकडून आड येते.

यात रुग्णाची चूक असते असं मला वाटत नाही. आम्ही ‘रिकाम्या पोटी घ्या’ एवढंच सांगतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. नंतर विचारावं, गोळी घेतल्यावर काही खाल्लं होतं का, तर उत्तर येतं, ‘छे हो डॉक्टर, फक्त कॉफी.’ चहा-कॉफीला आपण खाणं मानतच नाही. उपवासालाही चालते, मग गोळीला का नाही चालणार?

तर गोळी उठल्याबरोबर, साध्या पाण्यासोबत, आणि कॉफी किमान अर्ध्या तासाने. एक तास थांबता आलं तर उत्तम. गोळी उशाशी, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवा. गजर वाजला की घ्या आणि मग आंघोळ, डबे, पोरीची तयारी. तोवर तास सहज निघून जातो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी यापासून चार तास लांब ठेवायची.

आता एक सावधगिरी, आणि ती महत्त्वाची आहे. वेळ बदलल्यावर तोच १०० चा डोस जास्त प्रमाणात लागू पडेल. कदाचित तो जास्तच होईल, मग धडधड, घाम, हात थरथरणं सुरू होईल. म्हणून वेळ बदलण्याआधी तुमच्या डॉक्टरांना कळवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. त्याआधी केलात तर आकडा अर्धवट सरकलेला असतो, त्यावरून काही ठरवता येत नाही. डोस मात्र आपल्या मनाने कमी-जास्त करू नका.

आता हिमोग्लोबिन. ९.८ म्हणजे मध्यम ॲनिमिया, आणि तो केवळ कॉफीने होत नाही. तुमच्या वयात पहिला प्रश्न पाळीचा: रक्तस्राव किती दिवस, किती जास्त, गाठी पडतात का? थायरॉइड कमी असलं की पाळीला जास्त जातं, त्यातून लोह कमी होतं, हे बऱ्याच जणींना कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हा टीएसएच आणि हिमोग्लोबिन या तुमच्या दोन वेगळ्या तक्रारी नसण्याची शक्यता चांगली आहे. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलंय का? नसेल तर ते करा, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. सोनोग्राफी लागेल की नाही ते त्या ठरवतील.

कॉफी यात कुठे येते? आपल्या शाकाहारी ताटातलं लोह मुळातच अवघड शोषलं जातं आणि चहा-कॉफीतली पॉलिफेनॉल्स नावाची द्रव्यं त्याला आतड्यातच धरून ठेवतात. १९८३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात जेवणासोबत एक कप कॉफी दिल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं. चहाने ६४ टक्क्यांनी. हे वाचून चहावाल्यांनी खूश होऊ नये. पण मला त्यातली वेगळी गोष्ट जास्त उपयोगी वाटते. जेवणाच्या तासभर आधी प्यायलेल्या कॉफीने काहीच फरक पडला नाही. जेवणानंतर तासाभराने प्यायलेल्या कॉफीने मात्र सोबत प्यायल्याइतकंच नुकसान केलं. कारण अन्न तासाभराने पोटातच असतं. जेवण झालं असं आपल्याला वाटतं, आतड्याला तसं वाटत नाही.

आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा असंच सांगितलंय. ॲनिमिया असलेल्यांना मी त्यापुढे जाऊन जेवणानंतर दोन तास म्हणतो. ज्यांचं हिमोग्लोबिन १३ आहे त्यांनी याचा एवढा धसका घ्यायची गरज नाही.

तुमची लोहाची गोळी जेवण आणि कॉफी यांच्या मध्ये सापडते, म्हणजे सगळ्यात वाईट जागी. ती सकाळी अकराच्या सुमारास, दोन खाण्यांच्या मधे, लिंबूपाण्यासोबत घेऊन पाहा. मळमळ होत असेल तर एक दिवसाआड घेतली तरी चालते का ते डॉक्टरांना विचारा. हल्ली बरेच जण तसं देतात, शोषणही चांगलं होतं. जेवणात मटकीची उसळ, बाजरीची भाकरी, पालेभाजी असेल तर वर लिंबू पिळाच. अळिवाचे लाडू बाळंतिणीचेच असं काही नाही, पण त्यावर लगेच कॉफी नको.

अजून एक वाक्य तुम्ही ओझरतं लिहून गेलात: ‘ॲसिडिटीची गोळी अधूनमधून घेते.’ आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या रोज घेतल्या तर थायरॉइडची गोळी आणि लोह, दोन्हींचं शोषण त्या कमी करू शकतात. अधूनमधून म्हणजे महिन्यातून एकदा की दिवसाआड, हे तुम्हालाच माहीत. वेळा सगळ्या पाळूनही तीन महिन्यांत दोन्ही आकडे हलले नाहीत, तर पुढे जठराची सूज आणि सीलिॲक आजार (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडतं तो) यांच्या तपासण्या विचारात घ्याव्या लागतात. ते आत्ताच डोक्यात घेऊ नका.

सासूबाईंच्या ‘उष्ण’ या शब्दाची मी चेष्टा करणार नाही. छातीत जळजळ, तोंडाला आंबट पाणी, पोटात आग, याला घरोघरी उष्णताच म्हणतात. कॉफीने जठरातलं आम्ल वाढतं आणि काहींच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप ढिली पडते. पण सगळ्यांना नाही. मोठ्या पाहण्यांमध्ये कॉफी आणि आम्लपित्ताचा संबंध म्हणावा तितका पक्का निघत नाही, आणि तरी माझ्यासमोर बसलेल्या माणसाला एका कपाने जळजळ होत असते. अशा वेळी मी पाहणीपेक्षा माणसाचं ऐकतो. दोन आठवडे रिकाम्या पोटाची कॉफी बंद, नाश्त्याच्या आसपासची चालू. फरक पडला तर उत्तर मिळालं. तुम्हाला लोहाचंही पाहायचंय, म्हणून सकाळची कॉफी एखाद्या केळ्याबरोबर घ्या आणि पोहे-उपमा तासाभराने.

धडधडीचं सांगतो. तुमच्यात तिला तीन कारणं असू शकतात: कमी रक्त, कॉफी, आणि कधी कधी थायरॉइडच्या गोळीचा जास्त झालेला डोस. तिसरं आत्ता तरी नाही, कारण टीएसएच वाढलेला आहे. माझा पहिला संशय रक्तावर आहे. कॉफीने हृदयाचे ठोके बिघडतात हे आम्हीही वर्षानुवर्षं सांगत आलो, पण २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १०० धडधाकट माणसांच्या छातीला दोन आठवडे यंत्र लावून हे मोजलं. काही दिवस कॉफी प्या, काही दिवस अजिबात नको. वरच्या कप्प्यांतून येणारे जादा ठोके कॉफीच्या दिवशी फारसे वाढले नाहीत, खालच्या कप्प्यांतले वाढले. त्या दिवशी लोक सुमारे हजार पावलं जास्त चालले आणि सुमारे ३६ मिनिटं कमी झोपले. एकाच पेयाचे असे उलटसुलट परिणाम एकाच अभ्यासात दिसतात, म्हणून मला ‘कॉफी चांगली की वाईट’ या प्रश्नाचाच कंटाळा येतो. तुम्ही एक ईसीजी काढून घ्या. धडधडीबरोबर चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा छातीत दुखणं असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि बीपी मोजण्याआधी अर्धा तास कॉफी नको. कॉफीने बीपी काही काळ वर जातं, आणि त्या आकड्यावर कुणाला औषध सुरू व्हायला नको.

आता झोपेकडे या, कारण पाचवी कॉफी तिथे आहे. मुलीची दहावी आहे, तिच्यासोबत जागायचं म्हणून रात्री साडेनऊला फेटलेली, जायफळ घातलेली कॉफी, असं तुम्ही लिहिलंय. घरोघरी हा समज आहे की जायफळाने झोप येते, म्हणून अशी कॉफी रात्री चालते. चिमूटभर जायफळ कॅफीनला हरवू शकत नाही. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि ते आपल्या जागी जाऊन बसलं की झोप येते. कॅफीन त्याच्या आधी ती जागा अडवून बसतं, बसमध्ये रुमाल टाकून सीट धरावी तसं. ॲडेनोसिन कमी होत नाही, उभ्याने वाट पाहत राहतं. कॅफीन उतरलं की सगळा थकवा एकदम जाणवतो.

आणि ते उतरायला वेळ लागतो. निरोगी माणसात निम्मं कॅफीन जायला सरासरी पाच तास लागतात, पण माणसामाणसांत यात फार फरक असतो. यकृतातलं एक एन्झाइम हे काम करतं. ते कुणात जन्मजात जलद, कुणात मंद. सिगारेट ओढणाऱ्यांत कॅफीन लवकर निघून जातं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत हा काळ जवळपास दुप्पट होतो आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही वाढतो. पाळीसाठी तुम्हाला पुढे हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या, तर आजचीच कॉफी तुम्हाला उद्या जास्त चढलेली वाटेल. एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन देऊनही झोप तासाभराहून अधिक कमी झाली होती. हा डोस तुमच्या एका कपापेक्षा कितीतरी मोठा आहे, हे खरं. पण तुम्ही साडेनऊला पिता आणि साडेअकराला आडव्या होता.

त्यामुळे पाचांतला कुठला कप सोडायचा असं विचारलंत, तर हा. पोरीसोबत बसायचं तर गरम दूध घ्या, जायफळ त्यात घाला.

उरलेल्या कपांचा हिशोब करू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते १५० मिलिलिटर इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, डिकॉक्शनच्या कॉफीत ८० ते १२०, चहात ३० ते ६५. दिवसाची मर्यादा त्यांनी ३०० सांगितली आहे. युरोपातली अन्नसुरक्षा संस्था निरोगी प्रौढांसाठी ४०० म्हणते, आणि गरोदरपणात २००. तुमचे पाच कप बहुतेक इन्स्टंटचे आणि छोटे असतील तर ३०० च्या आसपास पोहोचता, म्हणजे काठावर. चारची उडप्याकडची फिल्टर कॉफी धरली तर थोडं पलीकडे. मात्र त्या पावडरीत चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) किती आहे यावर बरंच अवलंबून. आपल्याकडे मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं आणि चिकोरीत कॅफीन नसतं. काळाकुट्ट रंग पाहून ‘काय कडक कॉफी आहे’ म्हणणाऱ्यांना अर्धा रंग चिकोरीचा असतो हे सांगितलं की राग येतो. सर्दीच्या आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, तेही यात धरा.

साखर मात्र तुम्ही लिहिलेलीच नाही. कपाला दोन चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम, पाच कपांची ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरातल्या वरून घातलेल्या साखरेची जी कमाल मर्यादा सांगितली आहे, ती निव्वळ कॉफीत संपली. बिस्किटं, जॅम, सणाची पुरणपोळी अजून यायचीच आहे.

इथे तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं घेऊ. ती चुकीचं बोलत नाही. कॉफी पिणाऱ्यांमध्ये सिरोसिस (लिव्हर कडक होत जाण्याचा आजार), टाइप २ मधुमेह, पार्किन्सन्स कमी दिसतात, आणि दिवसाला तीन-चार कप पिणाऱ्यांत एकूण मृत्युदरही थोडा कमी दिसतो, हे अनेक देशांतल्या मोठ्या पाहण्यांतून आलंय. लिव्हरच्या आणि मधुमेहाच्या बाबतीत कॅफीन काढलेल्या कॉफीतही असाच कल दिसतो, म्हणजे श्रेय बहुधा कॅफीनचं नाही. पण या पाहण्या आहेत. आजारी माणूस बहुतेक वेळा कॉफी आधीच सोडतो, मग न पिणाऱ्यांच्या गटात आजारी जास्त दिसणारच. शिवाय त्यातल्या पुष्कळ लोकांच्या कपात आपल्यासारखं दूध-साखर नसतं. म्हणून ज्याला आवडते त्याला मी थांबवत नाही, आणि जो पीत नाही त्याला औषध म्हणून सुरूही करायला सांगत नाही.

कॅन्सरची भीती अजून कुणी घातली नसेल तर लवकरच घालेल, म्हणून सांगून ठेवतो. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मूत्राशयाच्या कॅन्सरवरून कॉफीला संशयितांच्या यादीत टाकलं होतं. २०१६ मध्ये तिला त्यातून काढलं. त्याच वेळी ६५ अंशांपेक्षा गरम कुठलंही पेय अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या दृष्टीने बहुधा घातक, असं मात्र म्हटलं. उकळती बशीत ओतून फुंकून पिणारी जुनी माणसं याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणी होती.

एकदम सगळं बंद करू नका. पाच कपांवरून शून्यावर आलात तर दुसऱ्या दिवशी डोकं असं धरेल की तुम्ही मायग्रेन समजून गोळी घ्याल, आणि त्या गोळीतही कॅफीन असेल. हा त्रास आठवडाभर टिकू शकतो. रात्रीचा कप या आठवड्यात बंद, पुढच्या आठवड्यात दुपारच्या जेवणानंतरचा.

म्हणजे तुमचा दिवस साधारण असा होईल: गजराला थायरॉइडची गोळी आणि पाणी, तासाभराने पहिली कॉफी, मग नाश्ता, अकराला लोह आणि लिंबूपाणी, दीडला जेवण, साडेतीन-चारला मैत्रिणींसोबत शेवटची कॉफी, कॅल्शियम घेत असाल तर ते रात्रीच्या जेवणासोबत. अकराची मशीनची कॉफी लोहाच्या वेळेवर येते, ती जाईल. पाचांतल्या दोन राहतील, फार तर तीन. मला विचाराल तर दोनच ठेवा आणि त्या चांगल्या करून प्या.

आता यजमानांची तूप-कॉफी. वजन उतरतं म्हणून पीत असतील तर ते सकाळचा नाश्ता चुकवतात म्हणून उतरत असेल. चमचाभर तुपाने कुणाला काही होत नाही, पण या कॉफीत दोन-दोन चमचे घालतात आणि ते पोळीवरच्या तुपाशिवाय असतं. शिवाय ते कॉफी कशी करतात ते पाहा. पावडर पाण्यात उकळून किंवा फ्रेंच प्रेसमध्ये केलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचं तेलकट द्रव्य उतरतं आणि त्याने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. कागदी फिल्टर ते अडवतो, जाळीचा फिल्टर पूर्णपणे अडवत नाही, इन्स्टंटमध्ये ते नगण्य असतं. एक-दोन कपांना मी काही म्हणत नाही, चार-पाच असतील तर म्हणतो. लिपिड प्रोफाइल वर्षभरात केलं नसेल तर आता करून घ्या, तूप बंद करून कागदी फिल्टर वापरा आणि दोन महिन्यांनी पुन्हा करा. तुमचा टीएसएच त्याच सुमारास करायचा आहे, दोघं एकदमच जा. त्यांना उपाशी बोलावलं असेल तर सकाळची कॉफी त्यांनीही रक्त दिल्यावरच घ्यायची, तुपाशिवायचीही.